टॉवेल पडल्यावर

दुसऱ्या राउंडची घंटा वाजली आणि बाबा स्टुलावर येऊन आदळले. भुवई फाटली होती. रक्त गालावरून हनुवटीला आणि तिथून छातीवरच्या पांढऱ्या केसांत उतरत होतं.

"हलू नका," मुलगी म्हणाली आणि तिने बोटभर व्हॅसलीन जखमेत दाबलं. जनावरांच्या दवाखान्यात रोज ड्रेसिंग करून तिचा हात सराईत झाला होता. तोंडही. "आमच्याकडे चावे खाल्लेली कुत्री येतात ना, तीसुद्धा पुन्हा त्या गल्लीत जात नाहीत."

बाबा रक्ताळलेल्या दातांनी हसले. गवंडी माणूस, वय त्रेपन्न, जिना चढताना गुडघे कुरकुरतात आणि रविवार दुपारची हौस काय, तर मार खायची! तिला या बॉक्सिंगचा मनापासून तिटकारा होता. आज आली ती एवढ्याचसाठी, की बाबांच्या कोपऱ्यात उभा राहणारा दोस्त तापाने पडला होता. कोपऱ्यात आपलं माणूस नसेल तर लढत नाही, असा क्लबचा नियम. सकाळी बाबांनी तोंड असं एवढंसं केलं की तिला नाही म्हणवेना.

तिने डावीकडून पाण्याची बाटली पुढे केली. बाबा सरळ समोर बघत राहिले. तिने बाटली हलवली. मग दोन बोटं त्यांच्या डाव्या डोळ्यात जवळजवळ खुपसलीच. पापणीसुद्धा लवली नाही.

तिने बाटली खाली ठेवली. "कधीपासून?"

"हळू बोल. झालं वर्ष. बोललीस तर क्लबवाले लढायचं कार्ड काढून घेतील, मग संपलंच सगळं."

"बरं होईल!"

"सहा दिवस मुकादमाच्या शिव्या खातो गं. उलट बोलायची सोय नाही. इथे निदान उलट मारता येतं." त्यांनी दातांवरची रबरी पट्टी तोंडात कोंबली. "आणि टॉवेल टाकलास तर याद राख."

तिसरा राउंड सुरू झाला. समोरचा बेकरीवाला दहा वर्षांनी लहान, पीठ मळून मळून दंड कमावलेला. त्याच्या एव्हाना ध्यानात आलं होतं की म्हाताऱ्याची डावी बाजू उघडी आहे. कारण त्याला ठाऊक नव्हतं, पण कारणाशी त्याला काय करायचंय? कानशिलावर एक ठोसा बसला. बरगडीत एक. पुन्हा कानशिलावर. बाबांना एकही येताना दिसत नव्हता. दातांवरची पट्टी उडून रिंगच्या दोरांपाशी पडली. पुढच्या ठोशाला रक्ताचे शिंतोडे थेट तिच्या ओठांवर आले.

मरो ते कार्ड! तिने टॉवेल भिरकावला.

या क्लबात शिट्टी नसे. टॉवेल रिंगमध्ये पडला की लढत संपली, दोघांनी हात खाली घ्यायचे. बेकरीवाल्याने टॉवेल पाहिला, हात खाली सोडले आणि हसत आपल्या माणसांकडे वळला. टॉवेल पडला होता बाबांच्या डावीकडे. बाबांना दिसला तो फक्त समोरचा उघडा चेहरा. तीस वर्षं विटा फोडलेला उजवा हात त्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावून हाणला.

नाक मोडल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. बेकरीवाला आडवा झाला.

"हरामखोर! टॉवेल पडल्यावर मारतो?" हॉल पेटलाच. एक खुर्ची दोरांवरून आत आली. बेकरीवाल्याचा भाऊ रिंगमध्ये चढला, त्याने बाबांची मान धरली आणि तोंडावर दोन गुद्दे ठेवून दिले. रेफरीने त्याला कसंबसं ओढून बाजूला केलं.

"काय झालं? पाडला ना मी?" बाबा विचारत होते. मग मान वळवताना त्यांना टॉवेल दिसला, आणि त्यांचा चेहरा पडला.

क्लबचे सेक्रेटरी दोरांपाशी आले. "इतका नीचपणा या रिंगमध्ये आजवर कुणी केला नाही. टॉवेल दिसला नाही तुम्हाला?"

 बाबांनी तिच्याकडे पाहिलं. बोलू नकोस, एवढंच त्या एका डोळ्यात होतं. डोळ्याचं सांगितलं तर ते निर्दोष सुटणार होते आणि हा खेळ कायमचा बंद होणार होता. तिने किती वर्षं तेच मागितलं होतं. नाही सांगितलं तर जन्मभर लबाड म्हणवून घ्यायचं. आणि ते घेतीलही, मुकाट्याने, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला त्यांचा संताप आला, आणि त्यांच्याइतकं दुसरं कुणीच आपलं नाही असंही वाटलं.

"टॉवेल मी टाकला नव्हता," ती म्हणाली. "मी तोंडावरचं रक्त पुसत होते, हातातून सुटला. चूक माझी. त्यांनी मारलं ते नियमातच."

"सुटला?" सेक्रेटरींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सुटला. हात घामेजला होता."

ते रेफरीशी कुजबुजले. 

"ठीक आहे," रेफरी म्हणाला. "मग टॉवेल पडलाच नाही. लढतही संपली नाही. हा पडला तेव्हा दहा आकडेही मोजले नव्हते. एक मिनिट बाकी आहे."

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.  तिकडे बेकरीवाला गुडघ्यांवर उठला होता. तो नाकातलं रक्त शिंकरून उभा राहिला. "ये म्हाताऱ्या," तो म्हणाला.

बाबांनी ग्लोव्ह्ज वर घेतले. तोंड सुजलेलं, तरी लग्नातल्या नवरदेवासारखे खूश दिसत होते.

घंटा झाली. तिने रिंगमधला टॉवेल ओढून पायाखाली टाकला, दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "डावीकडून येतोय, बाबा! हाणा! फोडा त्याला!"