पावण्यांना दाखवलेली म्हैस

"फोन दे आई," तेजस्वी म्हणाली.

"पावणं जाईपर्यंत मिळायचा न्हाय." विमलाबाईंनी फोन कपाटात टाकला आणि किल्ली कनवटीला खोचली. मागच्या खेपेला या पोरीनं मुलाकडच्यांना परस्पर फोन करून 'येऊ नका' असं कळवलं होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

तेजस्वीही काही कमी नव्हती. दिवसा ती कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत शाळेच्या धड्यांसाठी हलती चित्रं करायची आणि उरलेल्या वेळात स्वतःची कार्टून मालिका. नायिका म्हैस, नाव झुंबर. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलीमागं पळवतात ना, त्यातलीच ही एक मालकाला मागं टाकून गावभर सुटते. पहिला भाग एकटीनं काढून तिनं मुंबईच्या एका चॅनेलला पाठवला होता. उन्हाळा गेला, गणपती गेले, उत्तर नाही. ते आलं असतं तर ती मुंबईलाच काय, दिल्लीला चालत गेली असती. पण लग्न करून मुंबईत कुणाचे डबे भरायला जाणं तिला मान्य नव्हतं. आजचं मुंबईचं स्थळ मोडायचंच, हे तिनं पक्कं केलं होतं.

दुपारी दारात गाडी थांबली. पन्नाशीचे एक गृहस्थ उतरले, मागून एक बाई. आज मुलाचे काका-काकू येणार आणि मुलगा पुढच्या खेपेला, असं ठरलं होतं.

"तेजस्वी इथंच राहतात ना?" गृहस्थ म्हणाले. "आम्ही मुंबईहून आलो. सकाळपासून फोन लावतोय, पण..."

"म्हाईत हाय की," तिचे वडील बाळासो म्हणाले. "आत या. आदी पाणी, कामाचं मागनं."

घरी आलेल्याला दारातच नावगाव विचारणं म्हणजे त्याला हाकलून देण्यासारखं, ही बाळासोंची रीत. पोहे आले, चहा आला. पावण्यांनी तोंड उघडलं की बाळासो बशी पुढं सारत.

शेवटी बाईच तेजस्वीला म्हणाल्या, "आम्हाला तुमचं काम बघायचंय."

"सगळं येतंय तिला," विमलाबाई म्हणाल्या. "तांबडा-पांढरा रस्सा तर असा करती..."

"थांब आई. काम बघायचंय न्हवं? दावते की."

तेजस्वीनं लॅपटॉप आणून पुढ्यात ठेवला. पडद्यावर झुंबरनं एका नवरदेवाला मुंडावळ्यांसकट शेणात लोळवलं. बाळासोंनी कपाळाला हात लावला. पावणे मात्र पोट धरून हसले, आणि तेजस्वीनं झटकन लॅपटॉप मिटला. हे पसंतच करून जायचे!

"मुंबईला राहायला यावं लागेल," गृहस्थ म्हणाले. "तयारी आहे?"

"न्हाय. मी कोल्हापूर सोडणार न्हाय."

"आणि या म्हशीचं शेणबिण जरा कमी..."

"एक रेघ बदलणार न्हाय."

"थोडं जुळवून घ्यावं लागतं हो सगळ्यांनाच," बाई समजुतीनं म्हणाल्या.

"ज्याला जुळवायचं त्यानं जुळवावं. मी तुमास्नी बोलवायला आलती व्हय?"

गृहस्थांनी कप खाली ठेवला. "मग विषयच संपला. आम्ही दुसरीकडे बघतो."

"खुशाल बघा."

गाडी गेली. बाळासो तोंड फिरवून बसले. आत विमलाबाई भांडी आपटत होत्या. तेजस्वीला मात्र कडकडून भूक लागली होती. उरलेले पोहे तिनं ताटलीत घेतले आणि चवीनं खाल्ले. बरं वाटलं तिला, फार बरं वाटलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक जोडपं उभं होतं, बाईंच्या हातात पेढ्यांचा पुडा.

"बाळासोंचं घर हेच न्हवं?" माणसानं विचारलं. "आमच्या उदयसिंहासाठी मुलगी बघायला आलोय, पावणं. मुंबईतनं निघायलाच उशीर झाला बघा."