यार्मिलाचे काप

“एकच नाव लिहायचं,” वाव्राआजोबा म्हणाले. “यार्मिला, माझी बायको. दुसरं काही नको.”

रादकानं फुलदाणी दिव्यापुढे धरून हळूहळू फिरवली. धुरकट राखाडी, जाड काचेची, हातात घेतल्यावर मनगट खाली ओढणारी. अंगभर भिंगासारखे खोलगट काप, ओळीखाली ओळ उतरत गेलेले. शनिवारी कामेनित्स्की शेनोव या काचकारागिरांच्या गावातल्या संग्रहालयात काचेवरच्या कापकामाचं प्रदर्शन उघडणार होतं आणि प्रत्येक वस्तूची पाटी लिहिणं रादकाकडे होतं. साठच्या दशकातल्या या फुलदाण्यांवर सही नसे. कारखान्याची कागदी चिठ्ठी पहिल्याच धुण्यात निघून जाई. नमुना कोणी काढला ते कारखान्याच्या जुन्या चित्रांवरून कळे. फिरत्या चाकाला काच लावून तो कापला कोणी, हे कुणी विचारत नसे. या वेळी ते नाव पाटीवर यायचंच, असा रादकाचा हट्ट होता.

“आजोबा, एक सांगू? रागावू नका.”

“आधी बोल. रागवायचं की नाही ते मग बघतो.”

“हिच्यावर दोन माणसांचे हात आहेत.”

आजोबांनी मांडीवरची टोपी उलटी केली, परत सुलटी केली. “तू रसायन शिकलेली ना? मग रसायन सांग. काचेत शिसं किती आहे?”

“शिसं नाहीये यात. पण इथे बघा. काच चाकाला पहिल्यांदा टेकते तिथे काप खोल जातो, मग उथळ होत जातो. या वरच्या ओळी उजवीकडून सुरू होतात. आजी डावऱ्या होत्या का?”

“होती. फोरमन विचारायचा, हिच्यासाठी कारखाना उलटा बांधू का?”

“आणि खालच्या ओळी डावीकडून सुरू होतात.”

आजोबांनी टोपी बाजूला ठेवली. बाहेर कोणीतरी काचेचं कपाट सरकवत होतं.

“चाकावर सारखं गार पाणी पडतं,” ते म्हणाले. “त्यानं तिचं मनगट गेलं. सुजायचं. ज्याचे काप पास होत नाहीत त्याला बांधणीच्या खोलीत पाठवत. दिवसभर लाकडाच्या भुशात फुलदाण्या भरायच्या. ती म्हणायची, तिथे पाठवलं तर मी घरीच बसेन. आमची चाकं शेजारी शेजारी. पोराला आणायला ती लवकर निघायची. ती गेली की तिच्या फळीवरचं अर्धवट काम मी घ्यायचो, राहिलेल्या ओळी कापायचो आणि होतं तिथे ठेवून द्यायचो.”

“त्यांना कळलं नाही?”

“कसं कळणार? सकाळी म्हणायची, बघ, काल वाटलं त्यापेक्षा जास्त काम झालं होतं की!” ते हसले. “ही फुलदाणी कापांच्या तपासणीत पास झाली. फक्त बुडाशी बुडबुडा निघाला, म्हणून आम्लात बुडवून करायच्या झिलईला गेली नाही. तिनं ती मागून घेतली, लाकडी चाकावर स्वतः झिलई केली आणि खिडकीत ठेवली. पाहुणा आला की सांगायची, हे माझे हात. मरेपर्यंत तिला तसंच वाटत होतं. आता तू पाटीवर दोन नावं लिहून ते मोडणार?”

रादकानं फुलदाणी मऊ कापडावर ठेवली. तिनं सकाळपासून भिंगाखाली जे पाहिलं होतं, त्यातलं अर्धंच सांगून झालं होतं. इथेच थांबता आलं असतं. पाटीवर एक नाव लिहायचं, आजोबांना बसस्टॉपपर्यंत सोडायचं. माणसाचं वय सत्त्याऐंशी. त्याचं जपून ठेवलेलं गुपित आपण कशाला हलवायचं?

पण ते गुपित जिच्यापासून ठेवलं होतं, तिचीही बाजू काचेवर होती.

“आजोबा, आम्लात बुडवली असती तर सगळ्या खुणा विरघळल्या असत्या. बुडवली नाही, म्हणून दिसतंय.” तिनं भिंग त्यांच्या हातात दिलं आणि दिवा आडवा केला. “ही खालची ओळ. तुमचा काप.”

“माझाच. खोल गेलाय. मला नेहमी घाई.”

“आता त्याची कड बघा.”

आजोबांनी डोळा भिंगाला लावला. तुमच्या कडेवरून बारीक रेघा गेल्यात, असं रादकाला सांगावं लागलं नाही. रेघा उजवीकडून आल्या होत्या, वरच्या ओळींसारख्याच. थरथरत्या, पण चुकल्या नव्हत्या. कापामागून काप, खालच्या सगळ्या ओळींवर. खोल गेलेली प्रत्येक कड कोणीतरी धीरानं उतरवून वरच्या ओळींशी जुळवली होती, तपासनिसाला फरक दिसू नये इतकी.

“ही झिलई नाही,” आजोबा म्हणाले.

“नाही. झिलईच्या आधीचं आहे.”

“म्हणजे सकाळी येऊन...” त्यांनी भिंग खाली ठेवलं. अंगठ्यानं त्या कडा चाचपल्या, एक, मग तिच्या शेजारची, मग तिच्याही शेजारची. “दुखऱ्या मनगटानं. आणि मला म्हणायची, बघ, काम झालं होतं की. लबाड बाई. संसारभर तोंडावर काही दिसू दिलं नाही.”

त्यांचे डोळे भरून आले होते. रादकानं दिवा सरळ केला, उगीचच.

“मग पाटीवर काय लिहू, आजोबा?”

आजोबांनी फुलदाणी उचलून मांडीवर घेतली. दोन्ही हातांनी धरून ठेवली.

“काम झालं त्याच क्रमानं लिही,” ते म्हणाले. “आधी ती. मग मी. मग परत ती.”