डावी बाजू

नाटकातल्या रशियन शिपायानं पोराच्या पोटात संगीन खुपसली. पोराच्या बापाचं काम करणारा हर्शल धावत पुढे आला आणि त्यानं छातीवरचा कोट टराटरा फाडला, डाव्या बाजूनं.

न्यूयॉर्कच्या त्या थिएटरात सगळे रशिया सोडून आलेले ज्यूच होते. मुलाच्या शोकात कपडा उजवीकडे फाडतात, डावीकडे फक्त आईबापांसाठी, हे त्यांना ठाऊक होतं.

शिपायाचं काम करणारा हर्शलचा धाकटा भाऊ कुजबुजला, "आई?" बाप तर कधीच गेला होता.

"दुपारी कळलं. तिकडे गावी घरात घुसले, ह्याच वर्दीतले," म्हणत हर्शल त्याच्या अंगावर कोसळला आणि तोंडावर बुक्के हाणत सुटला.

"मार! ठार मार त्याला!" लोक ओरडू लागले.

भावानं एकही बुक्का चुकवला नाही. तोंडावरचं रक्त लागलेल्या हातांनी त्यानं आपली वर्दी फाडली. डावीकडेच.