सत्कारमूर्ती

तळेगावच्या तात्याबाचे दोन्ही पाय लुळे, जीभ मात्र तालुकाभर धावायची. चाकांच्या खुर्चीसकट चढता येईल अशी बस मिळावी म्हणून त्यानं इतके अर्ज केले, की टपालपेटीच त्याला रामराम घालू लागली. अखेर रॅम्पवाली बस आली, तेव्हा शिरूरच्या दवाखान्यात बहीण शेवटच्या घटका मोजत होती. तात्याबा बसकडं निघाला, तर चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलून स्टेजवर ठेवलं. "आधी सत्कार, तात्याबा." शाल आली, नारळ आला, भाषणं लांबली. "बहीण वाट बघतीय, जाऊ द्या की," हे टाळ्यांत बुडालं. सत्काराला आलेल्या एसटीच्या साहेबांनी झेंडी दाखवताच फोटोसाठी सारी माणसं बसमध्ये घुसली, उचलणारे चौघंही. बस शिरूरला गेली. स्टेजला पायऱ्याच होत्या. मांडीवरच्या नारळाशेजारी फोन वाजला. पलीकडं भाचा नुसता रडत होता. तेवढ्यात मंडपवाला आला. "तात्याबा, उतरा की. फळ्या सोडायच्यात."