खेळीमेळीची सभा

दुकानदार संघाच्या सभेत उपेंद्रचे पुढचे दोन दात पडले. छे, तसं काही झालंच नाही.

बंगळुरूत बेळ्ळंदूरला मिसळीचं दुकान टाकायचं, तर संघाचं सभासदत्व हवं, आणि त्यासाठी दोन जुन्या सभासदांच्या सह्या. नवख्या उपेंद्रने नेमक्या दोन हाडवैऱ्यांच्या सह्या एकाच अर्जावर घेतल्या. सभेत नावं वाचली गेली, तसे बेकरीवाले आणि हार्डवेअरवाले दहा वर्षांत पहिल्यांदाच एकमताने उठले आणि दोघांनी मिळून उपेंद्रला लोखंडी खुर्चीने झोडपलं.

"सभा खेळीमेळीत पार पडली, असं इतिवृत्तात लिहिलंय," अध्यक्ष कानडी हेलात म्हणाले. "स्वल्प सही करा अण्णा, की झालात सभासद."

त्याने हनुवटीवरचं रक्त पुसलं आणि सही केली.

 

सभासद म्हणून त्याचा पहिला अर्ज: "महोदय, खेळीमेळीत पडलेले माझे दोन दात परत मिळावेत, ही नम्र विनंती."