चमचा न लावलेला डबा

"आई, मायक्रोवेव्हमधून एका मिनिटानं बाहेर काढ, ढवळ आणि परत लाव. नाहीतर मधे गारच राहतं," चिकनचा डबा फ्रिजमध्ये ठेवत रेवती म्हणाली. तिच्या वडिलांची किडनी नुकतीच बदलली होती. अर्धवट गरम झालेलं काही पोटात जायला नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मी माळकरी. डबा ठेवीन, बटण दाबीन. त्यात चमचा घालायची नाही," द्वारकाबाईंनी ठणकावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तसंच केलं. रश्श्याला कडेनं वाफ येत होती.

"मधे गार लागतंय गं. जरा ढवळून देतेस?" नवऱ्यानं विचारलं. औषधांनी त्यांचे हात थरथरत होते.

"चाळीस वर्षं तुमचं मटण वेगळ्या चुलीवर शिजलं. आता म्हातारपणी बाटवताय होय मला?"

ते हसले आणि तसंच जेवले. तिसऱ्या दिवशी जुलाब, ताप आणि आयसीयू.

रविवारी द्वारकाबाई दवाखान्यातल्या मायक्रोवेव्हपाशी उभ्या होत्या. चिकन त्यांनी पहाटे स्वतःच्या हातानं शिजवलं होतं. दोनदा डबा बाहेर काढून त्यांनी तळापासून ढवळला, मग मधोमध बोट बुडवलं. चटका बसला तेव्हा कुठं त्यांना बरं वाटलं.

दाराशी नर्सनं डबा पाहिला. "आजी, आता नळीनंच देतोय त्यांना. तोंडानं काही नाही."

डबा मांडीवर घेऊन त्या बाकावर बसल्या. तो सगळीकडून सारखाच पोळत होता.