झाकणाचा डबा

प्लंबरने तार ओढली तेव्हा तिच्या टोकाला अडकून एक पांढरट, फुगलेला गोळा वर आला. त्याने तो वर्तमानपत्रावर ठेवला. मग दुसरा काढला. मग तिसरा.

"काय आहे हे?" बाइंडरने विचारलं. हातातलं काम टाकून तो आला होता. बोटांना अजून वह्या चिकटवायची खळ लागलेली होती.

प्लंबरने मान वर केली. "घरात बाईमाणूस कोण?"

"मुलगी आहे. तेरा वर्षांची."

"आणि तिची आई?"

"आठ महिने झाले जाऊन."

प्लंबर आवाज खाली आणून म्हणाला, "पॅड आहेत. पाण्यात गेले की असे फुगून बसतात. कागद विरघळतो, हे नाही विरघळत. पोरींना वाटतं फ्लश ओढला की गेलं. जातं कुठं? वळणावर जाऊन बसतं."

बाइंडरने मधल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार अर्धवट लोटलेलं होतं. आत मुलीची बॅग भरून ठेवलेली होती. परवा संडासात पाणी तुंबलं तेव्हापासून तिने एकच धोशा लावला होता, मला आत्याकडे राहायला जायचंय. आता कायमचंच. का, ते सांगत नव्हती. माझं काही चुकलं का, असं त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती नाही म्हणाली आणि रडली. आत्या चार वाजता तिला न्यायला येणार होती.

दाराच्या फटीतून पायाची दोन बोटं दिसत होती.

"मीच टाकले," बाइंडर म्हणाला. जरा मोठ्यानेच.

"तुम्ही?"

"हो. माझ्याच हातून गेले."

प्लंबरने त्या गोळ्यांकडे पाहिलं, मग बाइंडरच्या पिकल्या मिशांकडे. "बरं," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात तरी टाकू नका."

दाराआड कुणीतरी नाकातल्या नाकात हसलं आणि बोटं पटकन आत गेली.

हात धुताना प्लंबर म्हणाला, "मालक, इथं कोपऱ्यात एक झाकणाचा डबा ठेवा. कागदात गुंडाळायचं, डब्यात टाकायचं, सकाळी कचऱ्याच्या गाडीत द्यायचं. बस. मला तीन मुली आहेत, तोंडपाठ आहे सगळं."

तो गेल्यावर बाइंडर पुढच्या खोलीत येऊन उभा राहिला. टेबलावर झाकणाचा निळा डबा होता. आधी तो संडासातच असायचा. बायको गेल्यावर आवराआवर करताना तो त्याला कोपऱ्यात रिकामा दिसला. चांगला डबा उगाच पडून आहे, म्हणून त्याने तो घासून खळ ठेवायला घेतला. झाकणामुळे खळ सुकत नव्हती. त्याला बरंही वाटलं होतं. वर त्याने चिठ्ठी चिकटवली होती, 'खळ. हात लावू नये.'

कटिंग मशीनखाली बिघडलेल्या कागदांचा ढीग गुडघ्यापर्यंत आला होता. बायको दर शनिवारी त्यातले मूठभर कागद उचलून न्यायची. ती खिडकीच्या काचा पुसत असेल असं तो धरून चालला होता. सोळा वर्षांत विचारलं नव्हतं.

"मला सांगायचंस," तो दाराकडे न बघता म्हणाला.

"काय सांगू?" मुलगी आतूनच बोलली. "डबा तुम्ही घेतलात. स्वयंपाकघरातली कचऱ्याची बादली उघडी असते, आणि ती रोज तुम्हीच ओतता."

"हं," तो म्हणाला.

त्याने खळ एका जुन्या पातेल्यात काढली. डबा दोनदा घासला, पुसला, उन्हात ठेवला. मग ढिगातले कागद काढून त्यांचे सारखे चौकोन कापले. ते तसेच सुटे ठेवणं त्याच्या हाताला जमेना. त्याने गठ्ठा ठोकून सारखा केला, एका कडेला खळ लावली, मागे पुठ्ठा दिला, भोक पाडून दोरी ओवली आणि संडासातल्या खिळ्याला टांगला. खाली डबा ठेवला.

मुलगी येऊन उभी राहिली होती.

"हे काय?"

"ओढून बघ."

तिने एक कागद ओढला. तो अलगद सुटला.

"आई नुसते खिळ्याला टोचून ठेवायची."

"तिला कुठं बाइंडिंग येत होतं?"

मुलगी हसली. बाइंडर खाली बसून डब्यावरची चिठ्ठी नखाने खरवडू लागला. पण त्याने चिकटवलेलं काही सहजासहजी निघत नसे. नुसता एक कोपरा सुटला.

"राहू दे ना बाबा," ती म्हणाली. "कुणी हात तरी लावणार नाही."

चार वाजता आत्या आली. चपला काढता काढता म्हणाली, "झाली का गं तयारी?" उत्तराची वाट न बघता ती आधी संडासाकडे गेली.

पुढच्या खोलीत शाळेच्या हजेरीच्या वह्या पसरल्या होत्या. बाप पुठ्ठ्यावर खळ फिरवत होता, मुलगी वर कापड दाबत होती. रिकामी बॅग घडी करून कपाटावर गेली होती.

संडासाचं दार वाजलं.

"अरे," आत्याने तिथूनच हाक मारली, "खळ संडासात कशाला ठेवलीस?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलीने तोंडावर हात दाबला, आणि दुसऱ्या हाताची खळीची पाच बोटं नव्या वहीवर उमटली.